चौथा बाजार

माझ्या कमरेत आजवर ज्यांनी ज्यांनी सुई टोचली, त्यांत आधी विचारून टोचणारा माणूस एकच निघाला. त्याचं नाव सांगत नाही. त्याला ते आवडलं नसतं, आणि न आवडलेल्या गोष्टीवर तो जे बोलायचा ते छापण्यासारखं नसायचं. आम्ही सगळे त्याला ब्रदर म्हणायचो. नांदेडच्या दवाखान्यात नर्स बाई असली की ती सिस्टर आणि बाप्या असला की तो ब्रदर, एवढाच त्यात अर्थ. भाऊपणाशी त्याचा काही संबंध नव्हता. तोंड असं फाटकं, की रांगेतली निम्मी माणसं सुईपेक्षा त्यालाच भ्यायची. आता लिहिताना मी त्याला बिनधास्त 'तो' म्हणतोय, पण समोर अशी हिंमत कधी झाली नव्हती.

मला स्किझोफ्रेनिया आहे. हे वाक्य असं सरळ लिहायला मला कैक वर्षं लागली, आणि माझ्या नातेवाइकांच्या तोंडून ते अजूनही निघत नाही. त्यांच्याकडं त्याला दुसरी नावं आहेत. काकांच्या मते मला अभ्यासाचं टेन्शन आलं. मामाच्या मते कुणीतरी मला काहीतरी खाऊ घातलं. आत्याच्या मते माझं लग्न वेळेवर केलं नाही म्हणून हे झालं. आत्याच्या मते जगातलं सगळंच वाईट कुणाचं ना कुणाचं लग्न वेळेवर न झाल्यामुळं होतं. 'येडा' हा शब्द मात्र घरात कुणी काढत नसे. मी खोलीत शिरलो की तो शब्द घाईघाईनं उठून निघून गेल्यासारखा वाटायचा.

खरं झालं ते असं. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना नोटीस बोर्डावरचा प्रत्येक कागद माझ्याबद्दलच आहे असं मला दिसायला लागलं. कानात माणसं बोलायला लागली. चारपाच जण होते, आणि ग्रामसभेत असतात तसेच, सगळे एकदम बोलणारे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला पेटीसकट गावी घेऊन आले. आमचं गाव लोह्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या मी जिभेखाली धरायचो आणि गोठ्यात जाऊन गव्हाणीत थुंकायचो. आमचे बैल त्या काळात लई शांत होते. माझ्यात मात्र काही फरक पडेना, म्हणून डॉक्टरांनी महिन्याकाठी एकदा टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं.

अण्णांची त्याला एकच अट होती, की हे कशाचं इंजेक्शन आहे ते मला कळू द्यायचं नाही. दारातच ब्रदरच्या कानाला लागून ते म्हणाले, की ताकदीचं हाय म्हणा, तेवढं सांभाळून घ्या. आमच्याकडं ही रीतच आहे. माझ्यासारख्याला मिळतं ते सगळं ताकदीचं. मराठवाड्यात आजवर ताकदीची इतकी इंजेक्शनं टोचली गेलीत, पण त्यानं कुणाला ताकद आल्याचं काही माझ्या पाहण्यात नाही.

ब्रदरनं कान बाजूला घेतला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताकदीचं पायजे तर समोर मेडिकल हाय. इथं डोक्याचं मिळते." मग अण्णांना दाराबाहेर काढून तो माझ्याकडं वळला. मला म्हणाला, "सरकार, हे तिळाच्या तेलात कालवलेलं औषध हाय. कमरेत द्यावं लागते. सुई जाड हाय, दुखते. आत गेलं की महिनाभर जरा जरा झिरपत राहते. कानातली माणसं कमी बोलतील. अंग आखडलं, हात थरथरले, झोप लई आली, वजन वाढलं, तर लपवायचं न्हाई, मला सांगायचं. मंजूर का नामंजूर?"

वर्ष होत आलं होतं मला घरी आणून, आणि तेवढ्या वेळात मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. घरात मी 'त्यो' झालो होतो. त्यो जेवला का, त्यो झोपला का, त्यानं अंघोळ केली का. अण्णा हे सगळं मायला विचारायचे, मी समोर बसलेलो असताना. आणि हा फटकळ माणूस मला सरकार म्हणत होता, तुम्ही म्हणत होता, आणि चक्क मंजुरी मागत होता. मी मंजूर म्हणालो. विश्वास बसला म्हणून नाही, नुसत्या आश्चर्यानं म्हणालो.

बाहेर अण्णांनी दिवसभर ब्रदरला शिव्या घातल्या. सरकारी माणूस हाय, येवढं खोटं बोलायला त्याच्या बापाचं काय जात होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच्या खोलीचे कायदे होते. दारापाशी फरशीवर त्यानं खडूनं रेघ मारलेली होती. नातेवाइकांनी रेघेच्या पलीकडं थांबायचं आणि तोंड उघडायचं नाही. आत गेल्यावर तो तीन प्रश्न विचारायचा: नाव काय, झोप कशी, आणि मागच्या खेपेला सुई कोणत्या बाजूला दिली होती. एकदा डावीकडं तर एकदा उजवीकडं द्यायची असते. त्याच्या रजिस्टरात हे सगळं लिहिलेलं असायचं, तरी तो विचारायचा. एका बाईनं रेघेपलीकडून नवऱ्याच्या वतीनं "उजवीकडं होती" असं सांगितलं, तर म्हणाला, बाई, तुम्हाला येवढं आठवतंय तर तुम्हीच पडा खाटेवर. त्या बाईंनी पुढं वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. त्यावर ब्रदरचं मत असं, की चला, निदान एका रेघेचा तरी उपयोग झाला.

एकदा त्यानं मला विचारलं, कानातली माणसं काय म्हणतात. मी म्हणालो शिव्या देतात. "खऱ्या का खोट्या?" असा त्याचा पुढचा प्रश्न. हे मला डॉक्टरांनीसुद्धा विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हणालो, निम्म्या खऱ्या. तर म्हणाला, मग निम्म्याचं औषध माझ्यापाशी हाय, उरलेल्या निम्म्यावर तुम्हीच सुधरा.

अर्थात माणूस काही साधुसंत नव्हता. हट्टी होता, खुनशी होता, आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं त्याला मनापासून वाटायचं. शिकाऊ पोरींना रडवायचा. डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठोठावल्याशिवाय शिरायचा. माझे हातपाय पहिल्या वर्षी आखडले, चालताना मी लाकडी बैलासारखा दिसायचो, आणि घरचे म्हणायचे किती शांत झालाय बघा. ब्रदरनं माझं कोपर हापशाच्या दांड्यासारखं खालीवर करून पाहिलं आणि मला हाताला धरून डॉक्टरांपुढं उभं केलं. डोस कमी करून घेतल्याशिवाय तो तिथून हलला नाही. डॉक्टर भले होते. त्यांनी ऐकलं, आणि नंतर बरेच दिवस ब्रदरचे आणखी सल्लेही सोसले.

एकदा एक पुढारी आपल्या भाच्याला घेऊन आले होते. बरोबर तीन गाड्या भरून माणसं. तीन गाड्यांतली माणसं एका खडूच्या रेघेमागं बसवायची म्हणजे कसरतच होती. पुढाऱ्यांचं म्हणणं तेच, ताकदीचं म्हणून द्या, भाच्याची सोयरीक चालू हाय. ब्रदरनं त्यांना मेडिकलचा रस्ता दाखवला. महिन्याच्या आत त्याची उमरीला बदली झाली. मग गंमत झाली. आम्ही सगळे महिन्याच्या महिन्याला रेल्वेनं उमरीला जायला लागलो. एका डब्यात सगळे डोक्याचे, आणि बाकीचे प्रवासी शहाणे, तर भांडणं फक्त शहाण्यांच्यात व्हायची. नांदेडची खोली ओस पडलेली बघून वर्षभरानं त्याला परत आणलं. आपण जिंकलो असं तो कधी बोलला नाही. एवढंच म्हणाला, उमरीला चहा बरा मिळत होता.

निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल-नारळ दिलं तेव्हा भाषणांतून तो मनमिळाऊ, मृदुभाषी आणि सर्वांना सोबत घेऊन जाणारा होता असं कळलं. आम्हाला तो समारंभ चुकीचा वाटला, दुसऱ्याच कुणाचा असावा. समारंभाचं आमंत्रण आम्हाला अर्थातच नव्हतं. पण त्याच दिवशी आमची इंजेक्शनची पाळी होती. तिसरं भाषण चालू असताना तो शालीसकट उठला, म्हणाला बाहेर माणसं उभी हायत, आणि येऊन आम्हाला टोचायला बसला. शाल घामानं ओली झाली होती. ती त्यानं खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि जाताना तिथंच विसरला.

त्याचं खरं कर्तृत्व मात्र निवृत्तीच्या बरंच आधीचं, ते म्हणजे बाजार. इंजेक्शन अठ्ठावीस दिवसांनी असायचं. कार्डावर पुढची तारीख लिहायची पद्धत होती, पण ब्रदर ती खोडून टाकायचा. तारीख बघून येणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तो म्हणायचा. त्याऐवजी तो आठवडी बाजार सांगायचा. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, हे त्याला तोंडपाठ. सुई घेतल्यावर येणारा पहिला बाजार, दुसरा, तिसरा, आणि चौथा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी नांदेडला हजर व्हायचं. बरोब्बर चार आठवडे भरतात. शेतकरी माणूस पोराचा वाढदिवस विसरेल, बाजार विसरणार नाही. आणि खरंच, लोक घड्याळासारखे यायला लागले. मीटिंगमध्ये एका साहेबांनी ही कल्पना स्वतःची म्हणून सांगितली, तेव्हा ब्रदर टाळ्या वाजवत होता.

आमचा बैलबाजार मंगळवारचा. मोजायचं काम अण्णांकडं. मी तोवर बरा होऊन लातूरला एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायला लागलो होतो. लातूरात प्रत्येक पोराला डॉक्टर व्हायचंय, आणि मला कमरेत सुई घ्यायला मात्र नांदेडला जावं लागायचं, हा भाग वेगळा. चौथा बाजार झाला की अण्णांचा मायच्या फोनवरून निरोप यायचा. माय सांगायची, ये म्हणून राहिलेत. मी लातूर-नांदेड गाडीनं निघायचो, अण्णा लोह्याला गाडीत चढायचे, आणि नांदेड येईपर्यंत माझ्याजवळ न बसता दुसऱ्याच सीटवर बसायचे.

मग जनावरांना लंपी आला. बैलांच्या अंगावर गाठी उठल्या आणि सगळीकडचे गुरांचे बाजार बंद करण्यात आले. मला सुई दिल्यावर एकच मंगळवार भरला होता. पुढचे कित्येक मंगळवार मैदान रिकामं. अण्णा बसून राहिले. बाजार एकच झाला, अजून तीन बाकी. त्यांना नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, बाजार भरलाच न्हाई तर मोजायचा कसा? कधी चुकून न आलेल्याला ब्रदर स्वतः फोन करून शिव्या द्यायचा, पण त्या दोन महिन्यांत त्यालाच कुठल्याशा मोहिमेला जुंपलं होतं आणि रजिस्टर दुसऱ्याकडं होतं.

आणि मी? मला अठ्ठावीसपर्यंत मोजता येत नव्हतं असं नाही. निरोप आला नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, सुटलो. मी कुणाला काही बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

तेल संपत आलं तसा मी घसरलो. प्रश्नपत्रिकेत चार पर्याय असतात. त्यातला 'यापैकी नाही' हा चौथा पर्याय माझ्याशी बोलायला लागला. मी एका पेपरात शेवटी माझ्या पदरचा एक प्रश्न टाईप केला: माझ्यावर कोण नजर ठेवून आहे? पोरांनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. क्लासच्या सरांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, एक तारखेपर्यंत बरा होऊन आला तर ठीक, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

मला गावी आणलं तेव्हा गावात बैलांना लस टोचायचं काम चालू होतं. एक जण वेसण धरायचा, दोघं शिंगं धरायचे, चौथा सुई खुपसायचा, आणि पाचवा कानाला पिवळा बिल्ला ठोकायचा. बिल्ल्यावर नंबर. मी खिडकीतून बघत होतो आणि मला पक्कं कळलं, की त्यांच्या पेटीत एक बिल्ला माझ्या नंबरचा आहे. मी गोठ्याशेजारच्या खोलीत शिरून आतून कडी लावली. घरचं अन्न बंद. सालीतली केळी आणि न फोडलेली अंडी, म्हणजे ज्यात कुणाला काही कालवता येणार नाही, एवढंच खायचं. पाणी पहाटे स्वतः हापसून आणायचं. आता हसू येतं. तेव्हा मी जिवाच्या आकांतानं भ्यालो होतो, हे सांगितल्याशिवाय हसणं बरं नाही.

अण्णा नांदेडला गेले आणि ब्रदरला म्हणाले, साहेब, तीन बाजार अजून बाकी हायत पण पोरगं आधीच बिघडलं. ब्रदरला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला म्हणतात. मग तो मटकन खुर्चीत बसला. दवाखान्यातल्या लोकांनी त्याला गप्प बसलेला पहिल्यांदाच पाहिला. डॉक्टरांकडून लिहून घेऊन तो त्याच दिवशी मोटारसायकलवर आमच्या गावी आला.

दाराशी न येता तो खिडकीशी आला. मागं काका, शेजारपाजारचे, आणि सकाळपासून बैल धरून दमलेली ती लसवाली मंडळी. ब्रदरच्या हातात पेटी. माझ्या दृष्टीनं पुरावा पूर्ण झाला होता.

तो म्हणाला, "सरकार, चूक माझी हाय. बाजाराचं गणित मी लावून दिलं. बंद पडलेला बाजार धरायचा का सोडायचा, हे सांगायचं मला सुचलं न्हाई. तुमच्या बापाची चूक न्हाई." मग त्यानं पेटी उघडली, औषधाची काचेची कुपी गजांजवळ धरली, नाव वाचून दाखवलं. "मंजूर का नामंजूर?"

मी नामंजूर म्हणालो.

अण्णांच्या हातात दावं होतं. ते त्यांनी कधी घेतलं होतं कुणास ठाऊक. ते म्हणाले, दार तोडतो, धरायचं आमच्याकडं लागलं, तुम्ही नुसती सुई टोचा. लसवाल्यांनीही बाह्या सरसावल्या. त्यांना काय, एक डोकं आणखी.

"धरून बैलाला टोचतात," ब्रदर म्हणाला, आणि पेटी बंद केली.

अण्णा भडकले. "त्याचं डोकं जाग्यावर न्हाई, आन तुम्ही त्यालाच इचारून राहिले?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. मी बाप असतो तर हाच विचारला असता. ब्रदर म्हणाला, "आज धरून दिली तर महिनाभर पुरल. पुढच्या महिन्यात परत धरायचं. तुम्ही किती वर्षं धरणार? आन तुमच्या मागं कोण धरणार?" मग त्यानं मायला बाजूला घेऊन बजावलं, की पोरगं पाणी प्यायचं बंद झालं, किंवा जिवाचं बरंवाईट बोलायला लागलं, तर माझी वाट बघू नका, मला इचारू नका, सरळ गाडी काढून दवाखान्यात आणा. एवढं सांगून तो निघून गेला. गावात त्या संध्याकाळी दोन येडे झाले होते, एक आत आणि एक मोटारसायकलवर.

माझं काय पणाला लागलंय ते मला त्या अवस्थेतही अर्धवट कळत होतं. दार उघडलं नाही तर डोकं जाणार, आणि डोक्यामागं एक तारखेला नोकरी जाणार. आणि धरून टोचलं असतं, तर पुन्हा कुणी मला काही विचारलं नसतं, कायमचा 'त्यो' झालो असतो. यातलं कोणतं जास्त वाईट हे मला आजही ठरवता येत नाही.

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी आला. ड्यूटी संपवून, एवढं अंतर तुडवत. गोठ्यापुढं पालथ्या घमेल्यावर बसायचा, शेंगा फोडून खायचा आणि जमलेल्या लोकांचा उद्धार करायचा. लोक आपलं ब्लडप्रेशर बघून घ्यायला यायचे. हा बघायचा आणि म्हणायचा, प्रेशर ठीक हाय, अकलेचं मशीन दवाखान्यात हाय, तिकडं या. मला दिवसातून एकदाच विचारायचा. मी एकदाच नामंजूर म्हणायचो. तो बरं म्हणायचा.

चौथ्या दिवशी त्यानं गजांतून एक घडी घातलेला बारीक कागद आत सरकवला. औषधाच्या खोक्यात निघतो तो, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा. म्हणाला, "हे वाचा. इंजिनिअर हाय तुम्ही. मी जे जे सांगितलं त्यात एक जरी खोटं निघालं, तर उद्यापासून मी येत न्हाई."

मी तो कागद अंधार पडेपर्यंत वाचला. कानातली मंडळीही माझ्यासोबत वाचत होती आणि खोटं शोधत होती. तिळाचं तेल, होतं. अंग आखडणं, होतं. थरथर, झोप, वजन, सगळं होतं, पहिल्या दिवशी रांगेसमोर त्यानं ओरडून सांगितलं होतं तसं. उलट कागदावर पाचसहा गोष्टी जास्तीच्या होत्या. त्या त्यानं सांगितल्या नव्हत्या यावर आमच्या ग्रामसभेनं जोर दिला. पण न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, एवढं माझं डोकं त्या दिवशीही चाललं. ताकद हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. मला आठवलं, माझ्याशी खोटं न बोललेलं जगात एवढं एकच माणूस होतं, आणि ते बाहेर घमेल्यावर शेंगा खात बसलं होतं. मला रडू आलं. भीती गेली नव्हती. पण पाचव्या दिवशी तो आला तेव्हा मी कडी काढली.

मी न बोलता खाटेवर पालथा पडलो. हा सुई भरून उभा. "तोंडानं बोला, सरकार." मी म्हणालो, दार उघडलं ना. म्हणाला दाराला सुई द्यायची न्हाई. तेव्हा मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा एक अस्सल शिवी दिली आणि त्याच दमात मंजूर म्हणालो. त्यानं सुई दिली. जाड तेल हळूहळू आत जातं, त्याला वेळ लागतो, आणि दुखतं. कापूस धरून तो म्हणाला, चोळायचं न्हाई. मग कार्डावर बाजार न लिहिता तारीख लिहिली, कार्ड माझ्या हातात दिलं, म्हणाला आता मोजायचं तुम्ही, आणि गेला. वाटेतल्या सगळ्यांना त्यानं घरी जायला सांगितलं.

औषध काही त्या दिवशीच लागू पडलं नाही. कानातली मंडळी आणखी काही आठवडे नांदली. एक तारीख हुकली, सरांनी दुसरा माणूस ठेवला. त्या माणसाचं डोकं एकदम ठिकाणावर होतं, पण त्याच्या एका पेपरात चारही पर्याय बरोबर निघाले, तेव्हा सरांनी मला परत बोलावलं. हे सगळं पुढचं.

त्या दिवशी ब्रदरची गाडी गेल्यावर मी खाटेवर पालथाच पडून होतो. माय चहा टाकायला गेली होती. अण्णा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "दुखलं का?"

मी मायच्या उत्तराची वाट बघितली. मग लक्षात आलं, माय खोलीत नाही. प्रश्न मलाच होता. मी म्हणालो, लई.

अण्णा आत आले. म्हणाले, "बंद बाजार धरायचा का सोडायचा, हे मी तुला इचारायला पायजे होतं. तू शिकलेला. तू सांगितलं असतंस."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. त्यांनी सगळा दोष स्वतःकडं घेतलाच होता. पण मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "मला म्हाईत होतं, अण्णा. दिवस उलटून गेल्यालं मला म्हाईत होतं. मी मुद्दाम बोललो न्हाई."

मला वाटलं, आता हात उचलतील.

"मंग आपण दोघंबी येडेच की रे," अण्णा म्हणाले, आणि खाटेच्या कडेला माझ्याजवळ बसले. तो शब्द माझ्या तोंडावर घरातलं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. मला लई बरं वाटलं.